आकाशांतील उडी आणि तीन चित्रपट

आमच्या एका स्नेह्यांची कन्या पुण्यास एका मोठ्या कंपनींत नोकरीस आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिनें घरांत जाहीर केलें कीं, पुढच्या सुटींत परदेशीं जाऊन आपण विमानांतून उडी घेणार; पैसेही भरून झाले आहेत. त्या दिवसापासून त्या घराची झोंप उडाली. स्नेही आमच्याकडे आले ते जणूं वकीलपत्र देण्यासाठींच. "अहो, तुम्ही लिहिणारीं माणसें. तुमचें ती ऐकते. चार शब्द सांगा तिला," असें ते म्हणाले. कन्येनें मात्र आम्हांस निराळीच गळ घातली. "काका, बाबांच्या डोक्यांत जें आहे तें सारें सिनेमांतलें आहे. तेच सिनेमे त्यांना एकदां नीट दाखवा, आणि मग काय तें सांगा."

दोन्ही पक्षांनीं एकाच पंचाकडे यावें असा योग विरळा. माळ्यावर चढतांना खालीं कोणी शिडी धरून उभें असल्याखेरीज ज्यांचें पाऊल वर पडत नाहीं अशांपैकीं आम्ही आहों. तेव्हां या विद्येंत आमचा अधिकार शून्य आहे, हें आधींच सांगून टाकतों. पण चित्र पाहून त्यांतलें खरें किती आणि रंगविलेलें किती हें ठरविणें हा आमचा नित्याचाच उद्योग. म्हणून त्या कुटुंबाच्या दिवाणखान्यांत बसून तीन रात्रींत आम्हीं तीन चित्रपट पाहिले: 'द जिप्सी मॉथ्स' (१९६९), 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' (२०११) आणि 'सनशाइन सुपरमॅन' (२०१४). पहिला अमेरिकन कथापट, दुसरा आपला हिंदी, तिसरा एका खऱ्या माणसाच्या आयुष्यावरचा सत्यपट.

चित्रपटांकडे वळण्यापूर्वी थोडी वस्तुस्थिति सांगणें भाग आहे. कारण ज्याला आपण 'पडणें' म्हणतों तें येथें आपल्या कल्पनेहून वेगळें असतें. जिन्यावरून पाय घसरला म्हणजे पोटांत जो गोळा उठतो, तो या उडींत बहुधा उठत नाहीं, असें उडी घेणारे सांगतात. विमानाबरोबर शरीर आधींच वेगानें पुढें जात असतें. बाहेर पडल्यावर त्या वेगाची दिशा हळूहळू खालीं वळते. दहाबारा सेकंदांत वेग ताशीं सुमारें १९० किलोमीटरांवर जातो आणि तेथेंच स्थिर होतो, कारण हवेचा विरोध शरीराच्या वजनास तोलून धरतो. जवळपास मोजमापाला झाड नाहीं, भिंत नाहीं. त्यामुळें आपण पडत आहों असें न वाटतां दांडग्या वाऱ्यावर पालथें पहुडलों आहों असें वाटतें. तेरा हजार फुटांवरून निघालें तर असा सुमारें एक मिनिट वांट्यास येतो. पुढें हवाई छत्री उघडते आणि उरलेलें अंतर तिच्या आधारानें उतरावयाचें असतें.

इतक्या वेगानें पडणाऱ्या माणसाची शुद्ध जाईल, त्याला हातसुद्धां हलवितां येणार नाहीं, अशी समजूत पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत पुष्कळ जाणत्या लोकांचीही होती. ती खोटी ठरविली लेस्ली अर्विन यानें. २८ एप्रिल १९१९ रोजीं अमेरिकेंतील डेटन शहराजवळ त्यानें विमानांतून उडी घेतली आणि छत्रीची दोरी आपल्या हातानें ओढली. शुद्ध हरपली नाहीं. जमिनीवर टेकतांना घोटा मात्र मोडला. ही घोट्याची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां पहिला चित्रपट. 'द जिप्सी मॉथ्स'चे दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर. कथा जेम्स ड्राउट यांच्या कादंबरीवरून घेतलेली. कॅन्सस संस्थानांतील एका लहानशा गांवीं ४ जुलैच्या सुटीनिमित्त तिघे छत्रीबहाद्दर खेळ करण्यास येतात. बर्ट लँकेस्टर यांनीं रंगविलेला रेटिग अबोल व वयस्क आहे. जीन हॅकमन यांचा ब्राउडी बडबड्या आणि पैशाचा हिशेब ठेवणारा. तिसरा माल्कम हा तरुण पोर. गांवांत माल्कमचे चुलते-चुलती राहतात, त्यांच्याच घरीं हे उतरतात. चुलतीची, एलिझाबेथची, भूमिका डेबोरा कर यांची आहे. तिचा संसार कधींच वाळून गेलेला. नवराबायकोंत भांडणसुद्धां उरलेलें नाहीं. रेटिगशीं तिचा एका रात्रीचा संबंध येतो, तो तिला आपल्याबरोबर चल म्हणतो, ती नाकारते. दुसऱ्या दिवशीं रेटिग पंखांसारखी झूल अंगावर चढवून उडी घेतो, आणि दोरी ओढतच नाहीं.

कां ओढली नाहीं? चित्रपट उत्तर देत नाहीं. उत्तर न देण्याचें हें धैर्य आमच्या मतें या कृतीचा मोठा गुण आहे. आणि तरीही एक तक्रार राहतेच. उघड उत्तर दिलें नसलें तरी आडून एक सुचविलेंच आहे, कीं अशीं माणसें मुळांतच मरणाच्या ओढीनें चाललेलीं असतात. आमचे स्नेही चित्रपट संपतांच म्हणाले, "हेंच मी म्हणत होतों." परंतु हें खरें नव्हे. ज्याला मरावयाचें आहे तो उडीपूर्वी कापडाची घडीवर घडी बसवीत, दोऱ्या मोकळ्या करीत, जमिनीवर गुडघे टेकून बसणार नाहीं. छत्री भरणें हें कंटाळवाणें, सावकाशीचें, कारकुनी वळणाचें काम आहे; तें एकदां नव्हे, प्रत्येक उडीमागें करावें लागतें. मृत्यूच्या वेडानें झपाटलेल्या माणसाच्या अंगीं इतकी शिस्त कोठून यावी? रेटिगचें दुःख एक माणूस म्हणून आम्हांस पटतें. साऱ्या व्यवसायाचा अर्थ म्हणून पटत नाहीं.

मात्र रेटिग मेल्यानंतर चित्रपट ज्या ठिकाणीं जातो, तेथें तो फार मोठा होतो. त्याच्या अंत्यविधीसाठीं पैसे नाहींत. म्हणून उरलेले दोघे पुन्हां खेळ लावतात, आणि माल्कम तीच झूल घालून तीच उडी घेतो. प्रेक्षकांस पाहावयाचें काय आहे हें कोणी बोलून दाखवीत नाहीं, आणि तें आपल्या मनांतही तसेंच मुकाट्यानें शिरतें. माल्कमचा हात दोरीकडे जात नाहीं, जात नाहीं, आणि अगदीं शेवटीं जातो. त्या कांहीं क्षणांत आपण श्वास रोखून नेमकें कशाची वाट पाहत होतों, असें ज्यानें त्यानें आपल्या मनाला विचारावें. आम्हीं विचारलें, आणि आलेलें उत्तर आमच्या घरांतील माणसांस सांगण्यासारखें नव्हतें.

ही गर्दी कादंबरीकाराच्या कल्पनेंतली नाहीं. कापडी पंख लावून उडणारा क्लेम सोन २५ एप्रिल १९३७ रोजीं फ्रान्समधील व्हॅन्सेन येथें प्रचंड समुदायादेखत मेला. त्याच्या छत्र्या उघडल्या नाहींत. फ्रेंच 'पक्षिमानव' लेओ व्हालाँतँ यानें आपल्या उड्यांवर पुस्तक लिहिलें, आणि २१ मे १९५६ रोजीं लिव्हरपूलच्या मैदानावर, विमानांतून निघतांनाच लांकडी पंख विमानास आपटून, तोही हजारोंच्या समक्ष कोसळला. पॅरिसच्या फ्रान्झ राइखेल्ट या शिंप्यानें ४ फेब्रुवारी १९१२ रोजीं स्वतः शिवलेला छत्रीचा पोशाख घालून आयफेल मनोऱ्यावरून उडी घेतली व तो तत्काळ गतप्राण झाला. त्या प्रसंगाचें चलच्चित्र आजही उपलब्ध आहे. उडीपूर्वी तो कठड्यावर बराच वेळ घुटमळतांना त्यांत दिसतो. ज्यांनीं यंत्र लावून तें टिपलें आणि जे शंभरांवर वर्षें तें पाहत आले, त्यांतच आमचीही गणना.

हिंदी चित्रपटाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. झोया अख्तर यांची कारागिरी सफाईदार आहे, स्पेनचा प्रदेश डोळ्यांस सुखवितो, आणि तीन मित्रांतील थट्टामस्करी खरी वाटते. तिघांनीं एकेक साहस निवडावयाचें, तें बाकीच्या दोघांनीं करावयाचेंच, असा करार. आकाशांतील उडी अर्जुनानें निवडलेली, आणि उंचीची भीति इम्रानला. उडी झाली कीं भीति गेली, आणि भीति गेली कीं मनुष्य मोकळा झाला, अशी सरळ व्यवस्था. पंचवीस वर्षांच्या मुलामुलींस हें चित्र कां आवडावें हें आम्हांस समजतें. घर, हप्ते, बढती या चाकोरींत सांपडलेल्या जिवाला असा एखादा मिनिट हवासा वाटणारच. परंतु चित्रकर्त्यांनीं त्या मिनिटाचें औषध केलें आहे: एकच मात्रा, पथ्य कांहीं नाहीं. ज्यांनीं शेंकडों उड्या घेतल्या अशांतलेही कित्येक गच्चीच्या कठड्याशीं उभे राहण्यास कचरतात. भीति हा वाघ मारून भिंतीवर लावावा तसा प्रकार नाहीं. ती दर वेळीं विमानाच्या दाराशीं येऊन बसते, आणि छत्रीचे पट्टे नीट तपासून घेण्याचें काम पुष्कळदां तीच करून घेते. तिला हांकलून दिल्याचा आनंद साजरा करणारा हा चित्रपट आम्हांस म्हणूनच थोडा बेजबाबदार वाटला. कन्येनें येथें आम्हांस विरोध केला: "काका, सिनेमा पाहून कोणी शहाणें व्हायला जात नाहीं." तेंही खरें.

तिसऱ्या चित्रपटानें मात्र तिन्ही रात्रींचें सार्थक केलें. 'सनशाइन सुपरमॅन' हा मारा स्ट्राउच यांचा सत्यपट कार्ल बेनिश या माणसाविषयीं आहे. बेनिश शिक्षणानें इंजिनियर. तें काम सोडून पडतां पडतां चित्रण करण्याच्या कलेस त्यानें वाहून घेतलें. डोक्यावरच्या शिरस्त्राणास कॅमेरा बांधून तो इतरांबरोबर उडी घेई. योगायोग असा कीं, 'द जिप्सी मॉथ्स'मधील आकाशांतल्या चित्रणांतही त्याचा हात होता. पहिल्या रात्रीं ज्या दृश्यांनीं आमचा श्वास रोखला, तीं टिपणाऱ्याची कथा आम्ही तिसऱ्या रात्रीं पाहत होतों.

१९७८ सालीं बेनिशनें कॅलिफोर्नियांतील योसेमिटी येथील एल कॅपिटन या प्रचंड कड्यावरून मित्रांकडून उड्या घेवविल्या व त्यांचें चित्रण केलें. येथें विमान नाहीं. इमारत, मनोरा, पूल, कडा अशा स्थिर जागेवरून उडी घ्यावयाची. या चार जागांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या प्रकारास 'बेस' हें नांव पडलें. विमानांतून उडी घेणाऱ्याजवळ मुख्य छत्री बिघडली तर राखीव छत्री असते आणि ती उघडण्यास अवकाशही असतो. कड्यावरून उडी घेणाऱ्यास बहुधा एकच छत्री व मोजके सेकंद, आणि मागें कातळ. ज्या मुलीस शिक्षकाच्या छातीशीं बांधून घेऊन एक उडी घ्यावयाची आहे, तिच्या धोक्याशीं या धोक्याची तुलनाच होऊं शकत नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या मनांत हे दोन्ही प्रकार एकच होते. तो गोंधळ त्या रात्रीं निस्तरला.

या चित्रपटांत आम्हांस प्रथमच असा माणूस भेटला, ज्याच्या उडी घेण्यामागें ना मरणाची ओढ आहे ना औषधाची गरज. बेनिश अखंड हंसतमुख. एखाद्या मुलानें नवें भोंवरें फिरवून दाखवावें तसा तो आपलें साहस दाखवितो. दोर किती लांब, कॅमेरा कोठें, वारा कोणत्या अंगाचा, यांतच तो बुडालेला. या आकर्षणाचें मर्म आम्हांस येथें दिसलें असें वाटतें. आपलें चित्त दिवसभर पंधरा ठिकाणीं वांटलेलें असतें. हे लोक धोका अशासाठीं पत्करतात कीं तो साऱ्या चित्ताला एका ठिकाणीं गोळा करतो. सतारीवर बसलेला वादक किंवा शस्त्रक्रिया करणारा वैद्य ज्या एकाग्रतेनें सुखावतो, त्याच जातीचें हें सुख आहे. फरक इतकाच कीं, येथें एक सूर चुकला तर दुसरा लावून पाहतां येत नाहीं.

आणि विनाशाचें बीजही याच सुखांत आहे. जुलै १९८४ मध्यें बेनिश व त्याची पत्नी जीन यांनीं नॉर्वेंतील ट्रोलवेगन या कड्यावरून दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठीं एकत्र उडी घेऊन उच्चांक केला. कीर्ति झाली, चित्रण झालें, काम संपलें. लगेच पुढें, ७ जुलै रोजीं, बेनिशनें त्याच पहाडावरील दुसऱ्या एका सुळक्यावरून उडी घेतली आणि तो ठार झाला. त्या उडीची गरज कोणालाही नव्हती. हताश झालेल्या रेटिगचा हात दोरीकडे गेला नाहीं, असें कथाकार लिहितो. प्रत्यक्षांत मेला तो कालच यश मिळवून आनंदांत असलेला बेनिश. आमच्या दृष्टीनें हा भेद कथाकारांनीं शिकावा असा आहे.

दोन दिवसांनीं जीन त्याच ठिकाणीं परत गेली आणि तिनेंही उडी घेतली. पडद्यावर वृद्धत्वाकडे झुकलेली जीन हें सांगते तेव्हां तिच्या स्वरांत कंप नाहीं. आमच्या शेजारीं बसलेल्या कन्येच्या मातोश्री, ज्या तिन्ही रात्रीं एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्या या ठिकाणीं उठून आंत गेल्या. दिग्दर्शिकेनें जीनला धीराची देवी केलेलें नाहीं, वेडीही ठरविलेलें नाहीं. तिचा चेहरा पुरेसा वेळ पडद्यावर ठेवला आहे. तथापि एक उणें सांगितलेंच पाहिजे: बेनिशच्या जुन्या चित्रफितींची मोहिनी इतकी आहे कीं, मृत्यूच्या कारणाची जितकी कसून चौकशी व्हावयास हवी होती तितकी ती होत नाहीं. ट्रोलवेगनवरील उड्यांवर १९८६ पासून बंदी आहे.

आतां तो घोटा. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नोंदींप्रमाणें १९७० च्या दशकांत त्या देशांत दरसाल चाळिसांहून अधिक माणसें विमानांतील उड्यांत मरत. २०२३ सालीं तेथें सुमारें ३६ लक्ष ५० हजार उड्या झाल्या आणि १० माणसें गेलीं. मध्यंतरीं गोल छत्रीच्या जागीं विमानाच्या पंखासारखी चौकोनी छत्री आली, बिघडलेली छत्री क्षणांत तोडून टाकणारी कडी आली, आणि १९९१ पासून जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांचें तें यंत्र आलें, जें माणूस बेशुद्ध असला तरी साडेसातशे फुटांच्या आसपास राखीव छत्री आपोआप उघडतें. मग अजून माणसें मरतात तीं कशानें? पुष्कळशीं पूर्ण उघडलेल्या, निर्दोष छत्रीखालीं मरतात. जमिनीजवळ छत्री एकदम वळविली कीं ती सुसाट सुटते. त्या वेगाचीही एक मजा आहे, आणि ती मजा घेतांना अंदाज सेकंदभर चुकतो. साधन जितकें सुरक्षित होतें तितकें माणूस धाडस वाढवीत नेतो, असें बिल बूथ या छत्रीकारानेंच म्हणून ठेवलें आहे. आणि तोडण्याची ती कडी त्यानेंच शोधलेली. या मरणांत नवशिके थोडे, कसलेले पुष्कळ. तिन्ही चित्रपटांपैकीं एकानेंही उतरण्याकडे पुरतें लक्ष दिलेलें नाहीं. पडण्याचें चित्र सुंदर दिसतें; उतरणें रुक्ष.

विक्रमांच्या जगांतही हीच निवड दिसते. जोसेफ किटिंजर १६ ऑगस्ट १९६० रोजीं १,०२,८०० फुटांवरून उडी घेण्यास बलूनमधून चढत होते, तेव्हां त्यांच्या उजव्या हातमोज्यांत हवेचा दाब भरला नाहीं व हात सुजूं लागला. खालीं कळविलें तर चढाई थांबवितील म्हणून ते गप्प राहिले. या मौनास शौर्य म्हणावें कीं अपराध, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं. १४ ऑक्टोबर २०१२ रोजीं फेलिक्स बॉमगार्टनर सुमारें ३९ किलोमीटरांवरून उतरला, तेव्हां त्याच्या कानांत वृद्ध किटिंजर यांचाच आवाज होता. एका पेयाच्या कंपनीनें मांडलेला तो सोहळा एकाच वेळीं सुमारें ऐंशी लक्ष लोक पाहत होते. दोन वर्षांनीं, २४ ऑक्टोबर २०१४ रोजीं, ॲलन युस्टेस हा साधा दिसणारा संगणकशास्त्रज्ञ, भोंवतीं कोठडीसुद्धां न घेतां, ४१ किलोमीटरांवरून निमूटपणें उतरला. त्याचें नांव किती वाचकांस ठाऊक आहे? बॉमगार्टनर १७ जुलै २०२५ रोजीं इटलींत यंत्र लावलेल्या छत्रीनें उडतांना मरण पावला, त्या ३९ किलोमीटरांच्या मानानें अगदींच खालीं.

आपल्याकडे पुण्याच्या शीतल महाजन यांनीं आपली पहिलीच उडी १८ एप्रिल २००४ रोजीं उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून घेतली. २००६ सालीं त्या दक्षिण ध्रुवावर उतरल्या. २०१८ मध्यें थायलंडांत त्यांनीं नऊवारी लुगडें नेसून उडी घेतली. त्यांचें कौतुक मराठीत उदंड झालें, तें योग्यच झालें. पण त्या लिखाणांत आंकडे, तारखा आणि लुगडें यांपलीकडे फारसें कांहीं आमच्या वाचनांत आलें नाहीं. सराव नसतांना बर्फाच्या प्रदेशावर विमानाच्या दाराशीं उभ्या राहिलेल्या बाईच्या मनांत काय होतें, घरीं काय बोलणें झालें, दुसऱ्या उडीच्या वेळीं भीति वाढली कीं घटली, हें सांगणारें पुस्तक मराठीला हवें आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर चढणाऱ्यांनीं आपल्या भाषेंत जें चोख गद्य लिहिलें, त्याच्या तोडीचें.

कन्या जानेवारींत गेली आणि शिक्षकाच्या छातीशीं बांधून घेऊन उडी घेऊन आली. आम्हीं सहजच विचारलें कीं त्या मिनिटांत काय वाटलें. ती म्हणाली, "काका, पडल्याचें तुकड्यातुकड्यांनीं आठवतें. त्या माणसानें माझे पट्टे चार वेळां तपासले, तें मात्र सगळें आठवतें." तिचे वडील तेथेंच वर्तमानपत्र वाचीत बसले होते. एकटीनें उडी घेण्याचें शिक्षण घेण्याचा विचार आहे काय, असें त्यांनीं वर्तमानपत्र खालीं न करतां विचारलें. तिनें अद्याप उत्तर दिलेलें नाहीं.